नऊ म्हणजे कोणतं नऊ?

आमच्या घरात कुणी कुणाला रागावत नसे, फक्त आकडा म्हणत असे. मी भांग तिरका पाडून आले की आबा पाटावरून मान वर करून म्हणायचे, "अकरा!" की मी मुकाट्यानं परत आरशासमोर. पोलक्यावर आमटी सांडली की "चौदा!" आणि आई भाकरी थापता थापता आबांच्याच धोतराकडे बघून सुनवायची, "अहो, आधी तुमचं सोळा सावरा." शेजारणीला बिचारीला वाटायचं, ह्या घरात दिवसभर सोंगट्या खेळतात की काय!

त्याचं कारण आबांची नोकरी. आबा म्हणजे माझे वडील, सोलापुरातल्या एका गिरणीत घडीखात्यात मुख्य तपासनीस होते. मागावरून उतरलेलं कापड टेबलावरून पुढं ओढत न्यायचं, दोष दिसला की निळ्या पेन्सिलीनं तिथं आकडा टाकायचा, हे त्यांचं काम. आकडा म्हणजे गिरणीच्या नियमांच्या पुस्तकातलं कलम. अकरा म्हणजे काठ वाकडा, चौदा म्हणजे तेलाचा डाग, सोळा म्हणजे वीण सैल. पुढच्या माणसानं आकडा वाचायचा आणि पुस्तकात सांगितलंय तसं करायचं. आईला अक्षरओळख नव्हती, पण इतकी वर्षं ऐकून ऐकून कलमं तिला तोंडपाठ. ती वांगी घेतानासुद्धा भाजीवालीला म्हणायची, "हे नको बाई, चौदा आहे."

बरं, ते पुस्तक कधी एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ! नवं यंत्र आलं की नवे नियम, नवा साहेब आला की आणखी नवे, आणि जुने काही गळायचे. ह्यावर आबांचं मत ठाम होतं. एकदा आकडा दिला की तो त्या नियमाचा. नियम गेला तरी आकडा दुसऱ्याला द्यायचा नाही, समोर "रद्द" लिहून जागा रिकामी ठेवायची. मधे नवा नियम घुसला तर त्याला सात-अ म्हणायचं, आणखी आला तर सात-आ. आबांच्या प्रतीत सातावरून बाराखडीच सुरू झाली होती. "माणूस वारला म्हणून त्याचं नाव कुणी शेजाऱ्याला लावतं का?" असं ते विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता हात धुवायला उठायचे.

आणि मग गिरणीच्या कचेरीत एक नवा कारकून आला. शिकलेला, चुणचुणीत, आणि त्याचंही मत तितकंच ठाम. त्याला नियमांचं पुस्तक नव्यानं छापून घ्यायला सांगितलं, तर ह्या पठ्ठ्यानं सगळी रद्द कलमं उपटून टाकली, सात-अ, सात-आ सगळे रांगेत बसवले आणि एकपासून सरळ नवे आकडे घातले. पुस्तक दिसायला काय देखणं! त्याच दिवशी आबांनी सवयीप्रमाणे तेलाचा डाग पडलेल्या धोतरांवर चौदा टाकला. नव्या पुस्तकात चौदा म्हणजे "काठ कापून वेगळा करावा." पुढच्या माणसानं कात्री घेतली आणि दुपारपर्यंत बिनकाठी धोतरांचा हा ढीग! अख्खी गिरणी हसत होती. आबा तेवढे हसले नाहीत. ते तरातरा कचेरीत गेले, आणि जेवणाची सगळी सुट्टी ते आणि तो कारकून एकमेकांना आकडा म्हणजे काय हे समजावत राहिले. आबा म्हणाले, आकडा हलला की माणूस चुकतो. तो म्हणाला, मधे खंड पडला की वाचणाऱ्याला वाटतं पान फाटलंय. शेवटी आबा त्याला गाढव म्हणून घरी आले आणि रात्री भाकरी न खाता झोपले.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा मूळचा मैंदर्गीचा, घरी शेती, स्वतः सोलापुरात नोकरीला. स्थळ आणणाऱ्या गृहस्थांना आबांनी विचारलं, "काम काय करतो?" ते म्हणाले, "तुमच्याच गिरणीत की! ते नियमांचं पुस्तक नीट करणारा."

मी दाराआड उभी. आबांनी हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. झालं, म्हटलं, हे स्थळ गेलं बाराच्या भावात. पण आबा म्हणाले, "बोलवा त्याला."

"अहो, त्याला तुम्ही गाढव म्हणालात ना?" आई आतून ओरडली.

"आहेच गाढव. पण आकड्यापायी जेवणाची सुट्टी घालवणारा माणूस आहे. असल्याला भानगडी करायला वेळ कुठला मिळणार?"

ते बघायला आले, तेव्हा मी चहा घेऊन बाहेर गेले, तर मला कुणी सुईत दोरा ओवायला सांगेना, की चालून दाखव म्हणेना. आबा आणि नवरा मुलगा सात-अ वरून जुंपले होते! मुलाचे वडील, म्हणजे पुढं माझे मामंजी, माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, तू बस. हे काय संपत न्हाय." मला हसू फुटलं, पदरात मावेना. त्या आवाजानं ह्यांनी वर बघितलं, वाक्य अर्धवट सुटलं आणि ते एकदम सात-अ विसरूनच गेले. आवडले मला. आता ह्या वयात सांगायला कसली लाज? तिथल्या तिथं आवडले.

पण एक गोष्ट माझ्या मनात त्याच्याही आधीपासून ठाण मांडून होती. मी त्या वर्षी व्हर्नाक्युलर फायनलला, म्हणजे मराठी सातवीच्या परीक्षेला, बसणार होते. फायनल पास झालं की मुलींच्या शाळेत मास्तरीण होता यायचं. आमच्या शाळेतल्या बाई पांढरं पातळ नेसून, छत्री घेऊन, सरळ मान ठेवून रस्त्यानं जायच्या ना, तशी मला जायचं होतं. आमच्या गल्लीतली एकही मुलगी तोवर फायनलला बसलेली नव्हती. आणि मुहूर्त बघा कसा निघाला: लग्न आधी, परीक्षा पुढच्या आठवड्यात. लग्न की परीक्षा असं मला कुणी विचारलं असतं, तर मी ढसाढसा रडले असते आणि परीक्षा म्हणाले असते.

म्हणून मी आबांच्या डोक्यावर बसले. "यादीत घाला. तोंडी नको, लेखी घाला."

आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडचे वडीलधारे जाजमावर बसून याद करतात. कुणी काय करायचं, कुणी काय द्यायचं, मानपान कसे, सगळं कलमवार लिहायचं, म्हणजे मांडवात रुसवेफुगवे नकोत. त्यातही रुसवेफुगवे होतातच, ती गोष्ट वेगळी. आमची याद झाली तेव्हा आबांनी एक प्रत लिहिली, आणि दुसरी खुद्द नवऱ्या मुलानं, कारण त्यांच्या घरात लिहिणारे तेच. आम्ही बायका दाराआड. लग्न मुलीच्या दारी. वऱ्हाडाला उतरायला जागा. जेवणात शेंगापोळी. कलम चार, बँड. असं करत करत आबांनी खाकरून वाचलं, "कलम नऊ. मुलीस लग्नानंतर फायनल परीक्षेस बसू द्यावे."

मामंजी म्हणाले, "बसू द्या की! बसायला काय लागतंय?" सगळे हसले आणि आबा पुढं सरकले. कलम दहा, नवरदेवाला घोडा. कलम अकरा, वऱ्हाडातल्या बायकांना पहाटे अंघोळीला ऊन पाणी. मी आत जाऊन आईला गरगर फिरवलं. तिच्या हातातली पळी पडली.

आता एक चाल सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. लग्नाच्या बोलण्यात नवऱ्या मुलानं तोंड घालायचं नाही, आणि सासऱ्यानं जावयाशी तो विषय काढायचा नाही. आबा आणि हे एकाच गिरणीत. रोज एकमेकांसमोर, रोज कापडाच्या नियमांवरून वाद. पण यादीतला एक शब्द बदलायचा झाला तर काय? हे रविवारी मैंदर्गीला जायचे, तिथं वडिलांना सांगायचे, आणि मामंजी मंगळवारच्या बाजाराला सर्व्हिस मोटारनं सोलापूरला यायचे, ते आबांना सांगायचे. दोन माणसं एका छपराखाली, आणि निरोप मैंदर्गीवरून फिरून!

त्यात मामंजी म्हणजे बोलायला लई हौशी. पहिला निरोप साधा होता, बँड नको. तो सांगताना त्यांनी बँडवाल्याचा मागच्या लग्नातला तमाशा, त्याच्या मेहुण्याचं आजारपण आणि कुणाची तरी मोडलेली सोयरीक असं काय काय घातलं, की आईला वाटलं आपलंच लग्न मोडलं. तिनं डोळ्याला पदर लावला. तासाभरानं आबांच्या ध्यानात आलं, की प्रकरण फक्त कलम चारचं आहे. मग त्यांनी मामंजींना विनवलं, "पाव्हणं, ह्यापुढं नुसता आकडा सांगत चला." तिकडं ह्यांनाही तेच सुचलं होतं. मामंजी थोडे हिरमुसले, पण कबूल झाले.

बँड गेला. आबांनी आपल्या प्रतीत चारासमोर "रद्द" लिहिलं आणि जागा रिकामी ठेवली. ह्यांनी आपल्या प्रतीत चार खोडलं आणि खालची सगळी कलमं एकेक घर वर सरकवली. माझी परीक्षा आबांकडं नऊ, ह्यांच्याकडं आठ. घोडा आबांकडं दहा, ह्यांच्याकडं नऊ. आणि ज्या गोष्टीवरून दोघं रोज गिरणीत भांडत होते, नेमकी तीच गोष्ट घरी येऊन दोघंही विसरले! नंतर कळलं की प्रत्येकाला वाटत होतं, आपण समोरच्याला पटवलंय.

पुढच्या एका मंगळवारी मामंजी आले, ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "नऊ काढा."

आबांचा चेहरा उतरला. "नऊच ना?"

"नऊच. पोरानं लई मनावर घेतलंय. म्हणतोय, नऊ ऱ्हायलं तर मी मांडवात पाऊल टाकणार न्हाय."

खरी गोष्ट अशी होती, की ह्यांना घोड्याची भीती वाटायची. लहानपणी मैंदर्गीच्या जत्रेत एका तट्टानं ह्यांना चिखलात फेकून दिलं होतं आणि वर त्यांची टोपी खाल्ली होती. ह्यांच्या प्रतीत नऊ म्हणजे घोडा. पण हे आम्हाला कुठं ठाऊक? आमच्या घरात नऊ म्हणजे मी, माझं पुस्तक, माझी छत्री. सात-अ विसरून माझ्याकडं बघत राहिलेला माणूस म्हणतो, ही परीक्षेला बसली तर मी मांडवात येणार नाही! मग राग आला. असा राग आला म्हणता, की मी चूल पेटवायला घेतलेल्या काटक्या कटाकटा मोडून टाकल्या आणि आईला सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही, त्या सरळ रांगेवाल्याला सांगा, एखाद्या पाटीशी लग्न लाव.

आबांना माझ्याइतकंच लागलं होतं. पण शब्द गेलेला, कुंकू लागलेलं, आणि विचारायचं कुणाला? दुसऱ्या दिवशी गिरणीत हे समोर आले आणि आबांकडं बघून अगदी मनापासून हसले. घोडा टळल्याचा आनंद तो! आबांना वाटलं, हा मला खिजवतोय. झालं. पुढच्या मंगळवारी आबांनी मामंजींना तोऱ्यात निरोप दिला, "सांगा तुमच्या चिरंजीवांना, नऊ काढलं ना, मग आम्हीही दहा काढलं." म्हणजे घोडा नाही, ये म्हणावं चालत!

नऊ खोडून खालची कलमं वर सरकवायचं ह्यांचं अजून राहिलं होतं, आणि ह्यांच्या प्रतीत दहा म्हणजे वऱ्हाडातल्या बायकांना अंघोळीचं ऊन पाणी.

मैंदर्गीत काय झालं ते मला पुढं सासूबाईंच्या तोंडून ऐकायला मिळालं, आणि प्रत्येक वेळी नव्या जोरानं. एवढं खरं की त्यांनी भांडण काढलं नाही, लग्न मोडा म्हटलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "व्हय का? बरं." आणि परसात जाऊन लाकडं मोजायला लागल्या.

इकडं माझं काय चाललं होतं? मी अभ्यास करत होते! परीक्षेला बसायचं नाही हे ठरल्यावर तर मी दुप्पट अभ्यास केला. नुसत्या रागानं. मला हळद लावायला बसवलं तर माझ्या मांडीवर भूगोल. मावशीनं तोंडाला हळद फासली, मी नद्या म्हणत होते. तिनं पुस्तक ओढलं, पानांना पिवळी बोटं लागली, मी ओरडले, ती ओरडली, आणि त्यात आबा येऊन सवयीनं "चौदा!" म्हणाले. आम्ही तिघंही हसत सुटलो, आणि हसता हसता मला रडू आलं. आबा तिथं उभे होते. त्यांनी पुस्तक पुसून माझ्या हातात दिलं आणि गेले.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाड आलं. मोटार आमच्या दारात थांबली आणि पहिला उतरला तो नवरदेव नव्हे, एक हंडा! हा एवढा, तांब्याचा, दोघांनी मिळून धरलेला. त्यामागं लाकडांचे भारे. त्यामागं गोवऱ्यांची दोन पोती. आणि त्या सगळ्यामागं नाकात नथ, डोक्यावर पदर, ताठ मानेनं सासूबाई. आई आरती घेऊन उभी होती, ती तशीच राहिली.

"हे काय विहीणबाई?" आई कशीबशी म्हणाली.

"आमचं पाणी आमी तापवून घिऊ. तुमाला तरास नगं."

"अहो, पण पाणी तर आम्ही ठेवणारच आहोत! ते बघा, चूल घालून ठेवलीय परसात, सरपण रचलंय!"

"मग दहा कुणी काढलं?"

"दहा म्हणजे घोडा!" आबा पुढं आले.

"घोडा नऊ!" मोटारीतून नवरदेवाचा आवाज आला. चाल, रीत, सगळं विसरून हे मुंडावळ्यांसकट खाली उडी मारून आले.

"नऊ म्हणजे परीक्षा!" मी ओरडले. हो, मीच. मी आतल्या खोलीत असायला हवी होते, पण कधी दारात येऊन उभी राहिले ते माझं मलाच कळलं नाही.

"परीक्षा आठ!" हे माझ्याकडं बघून म्हणाले. "आणि ती कुणी काढली? मी नाही काढली!"

आबांनी कोटाच्या खिशातून आपली प्रत काढली. ह्यांनी आपली काढली. दोन्ही कागद त्या उपड्या घातलेल्या हंड्याच्या बुडावर शेजारी शेजारी पसरले, आणि सासरा-जावई त्यावर ओणवे झाले. सगळं वऱ्हाड त्यांच्यावर ओणवं.

"तुम्ही वर सरकवलीत?" आबा म्हणाले.

"तुम्ही नाही सरकवलीत?" हे म्हणाले.

"मला वाटलं, तुम्हाला पटलं!"

"मला वाटलं, तुम्हाला पटलं!"

आधी कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक मामंजी. ते हसत हसत लाकडाच्या भाऱ्यावरच बसले. "तरी मी म्हणत हुतो, समदं सांगतो, तर मला म्हणं नुसता आकडा सांगा!" मग जो हशा उसळला, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. माझ्या पोटात दुखायला लागलं. आबा डोळे पुसत होते आणि जावयाच्या पाठीत गुद्दे घालत होते. हे माझ्याकडं बघून नुसतेच मान हलवत होते, मी नाही काढली, मी नाही काढली. मला इतकं हलकं वाटलं की दाराची चौकट धरली नसती तर उडालेच असते.

एकटं कोण हसत नव्हतं? सासूबाई.

"ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "परीक्षा कसली?"

हशा थांबला. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की याद झाली तेव्हा त्या मैंदर्गीत होत्या. त्यांना ऊन पाण्याचं सांगितलं, घोड्याचं सांगितलं, बँडचं सांगितलं. परीक्षेचं सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मामंजी आभाळाकडं बघायला लागले.

"कलम नऊ..." आबांनी सुरुवात केली.

"माझ्याकडं आठ," हे म्हणाले.

"आकडं ब्याड!" सासूबाई कडाडल्या. ब्याड म्हणजे त्यांच्या मैंदर्गीकडच्या कानडीत नको. पण कानडी न येणाऱ्यालासुद्धा तेव्हा बरोबर कळलं. "आकड्यानं तुमचा घोडा ग्येला, माझं पाणी ग्येलं. पोरीला बोलू द्या. काय गं, काय हाय तुज्या मनात? तोंडानं सांग की."

नवरी मुलगी मांडवात बोलत नसते. मला खाली बघायला शिकवलेलं. पण मी तोंड उघडलं आणि बोलले. "मला फायनलच्या परीक्षेला बसायचंय. पास झाले की मला मास्तरीण व्हायचंय. लग्न झालं तरी व्हायचंय."

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कवा हाय परीक्षा?"

"पुढच्या सोमवारी."

"मग उद्या लगीन, परवा वरात, मैंदर्गीला देव, गोंधळ, पाव्हणं, सवाष्णी. सोमवारपातुर तू अभ्यास कवा करणार?"

खरंच की! आबांच्या प्रतीत पाहिलं तर बसू द्यावे, ह्यांच्या प्रतीत पाहिलं तर बसू द्यावे. अभ्यास कधी करायचा, ते दोघांपैकी एकाही शहाण्यानं लिहिलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. मी परवानगी मागत बसले होते, आणि ह्या बाईनं एका क्षणात दिवस मोजून दाखवले. माझे डोळे भरून आले. आता ह्या नाही म्हणणार, मला कळून चुकलं.

सासूबाई मामंजींकडं वळल्या. "नवरी हितंच ऱ्हाईल. परीक्षा झाली की न्यायची."

"अगं, आणि वरात? नवरीबिगर वरात काडायची? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. लोकास्नी काय परीक्षा हाय?"

असं आमचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी वरात निघाली ती नवरदेवाला घेऊन आणि नवरीला सोडून. मोटारीत ह्यांच्या शेजारी माझ्या जागेवर माझा शालू घडी करून ठेवला होता. रस्त्यातली माणसं वाकून वाकून बघत होती, नवरी कुठं पडली म्हणून. हे बिचारे शालूला सांभाळत, लाजून चूर होऊन बसले होते. मी दारात उभी राहून इतकी हसले, की आईनं मला आत ओढलं. "नवरा चाललाय आणि ही हसतेय, बाई गं, काय म्हणावं हिला!" आणि मग आत नेऊन स्वतःच हसायला लागली.

ते दिवस मी पोटभर अभ्यास केला. हातावर मेंदी, गळ्यात नवं मंगळसूत्र, पुढ्यात गणितं. परीक्षेच्या हॉलमधे सगळ्या मुली माझ्या हाताकडं बघत होत्या. देखरेखीच्या बाईंनी विचारलं, "लग्न कधी झालं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि सासरची माणसं?" मी म्हटलं, "गेली पुढं." त्यांना काही समजलं नाही, आणि मला हसू दाबता दाबता नाकी नऊ आले.

शेवटचा पेपर गणिताचा. घंटा झाली तेव्हा माझं एक उदाहरण राहिलं होतं, येत असलेलं, नुसता वेळ पुरला नाही. चडफडत बाहेर आले. ठरलं असं होतं, की मामंजी आणि हे संध्याकाळी आमच्या घरी यायचे आणि मला न्यायचे. पण शाळेच्या फाटकाशी, उन्हात, भिंतीच्या सावलीची अरुंद पट्टी धरून सासूबाई उभ्या होत्या. एकट्या. मैंदर्गीहून मोटारनं एकट्या कधी आल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. पदरानं वारा घेत होत्या, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीचा चेहरा न्याहाळत होत्या.

मी धावतच गेले आणि पाया पडले. त्यांनी मला अर्ध्यातच धरून उभं केलं.

"समदं लिवलंस?"

"एक राहिलं."

"ऱ्हाऊ दे. पास झालीस तर लई बरं. न्हाय झालीस तर फिरून बस, म्या हाय." त्यांनी माझ्या कपाळावरचा घाम स्वतःच्या पदरानं टिपला. "आता चल घरी. लई वाट बघितली तुजी."

लग्न लागताना मी रडले नव्हते. वरात गेली तेव्हा हसले होते. त्या फाटकात, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या देखत, मी सासूबाईंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले, आणि त्या "आगं, आगं" म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.